सोतेर्नचे सोनेरी मद्य

गोड मद्य म्हणजे जाणकारांनी नाके मुरडावीत असा पदार्थ, अशी एक समजूत रूढ आहे. आणि पुष्कळ गोड मद्यांच्या बाबतीत ती खोटीही नाही. फ्रान्समधील बोर्दो शहराच्या आग्नेयेस, गारोन नदीच्या डाव्या तीराकडे असलेल्या सोतेर्न परिसराचे पांढरे मद्य मात्र तिला अपवाद होय. ‘पांढरे’ हे केवळ म्हणावयाचे. पेल्यात ते सोनेरी दिसते, आणि दीर्घकाळ बाटलीत मुरले म्हणजे त्यास तांबूस झाक येते.

ते थंड करूनच चाखावे. परंतु बर्फासारखे गार केल्यास त्याचा गंधच दबून जातो. १० ते १२ अंश सेल्सिअस पुरे. जिभेच्या आधी नाकाला संधी द्यावी. मध, जर्दाळू, संत्र्याची साल आणि जुन्या बाटलीत केशराची पुसट आठवण, असे गंध एकामागून एक उलगडतात. घोट घेताच दाट गोडी पसरते. खरी परीक्षा त्यानंतरची. गोडी ओसरत असता मागून आंबटपणा वर आला पाहिजे. कैरीचा मुरांबा आणि साखरेचा नुसता पाक यांत जो भेद, तोच येथे उत्तम व सामान्य मद्यांत. लिटरमागे शंभराहून अधिक ग्रॅम साखर असूनही तोंड चिकट होत नाही, ते या आंबटपणामुळेच.

हा तोल द्राक्षांच्या मिश्रणाने साधतात. सेमियों या जातीचा वाटा बहुधा सर्वांत मोठा. अंग आणि स्निग्धता तिची. सोव्हिन्यों आंबटपणा व ताजेपणा देते. म्युस्कादेल घातलीच तर थोडी, केवळ सुवासापुरती.

परंतु गोडी येते ती कुजण्यातून! सिरों ही थंड पाण्याची लहान नदी उबदार गारोनला मिळते, तेथे शरद ऋतूतील सकाळी धुके दाटते. त्या दमटपणात बोट्रायटिस नावाची बुरशी द्राक्षांवर धरते व सालीस सूक्ष्म छिद्रे पाडते. दुपारच्या उन्हात आतील पाणी उडून जाते, फळ सुरकुतते आणि साखर व आंबटपणा दोन्ही घट्ट होतात. सेमियोंची साल पातळ, म्हणून ती या बुरशीला लवकर वश होते. सारे घड एकाच वेळी तयार होत नसल्याने वेचणाऱ्यांना त्याच मळ्यात अनेकदा फिरावे लागते. १८५५ च्या प्रतवारीत सर्वोच्च स्थान मिळालेल्या शातो दिकेम येथे एका वेलीमागे जेमतेम एक पेला मद्य निघते.

येथेच मळेवाल्याचा जीव टांगणीला लागतो. द्राक्षे वेळीच तोडली तर साधे मद्य निश्चित. थांबावे तर सोने हाती येईल, किंवा पाऊस लागून तीच बुरशी राखाडी सडा होऊन सारे पीक नासवील. १९९२ व २०१२ या दोन्ही वर्षी शातो दिकेमने आपल्या नावाचे गोड मद्य काढलेच नाही.