तुरटीनंतरचा चिमूटभर उपाय

पावसाळ्याच्या आरंभी नळाला गढूळ पाणी आले की नगरपालिकेने तुरटीत हात आखडता घेतला, असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो. प्रश्न इतका सरळ नाही. मातीचा १ मायक्रॉन आकाराचा कण स्थिर पाण्यातही एक मीटर खाली जाण्यास दहा-बारा दिवस घेतो. त्यातून अशा कणांवर ऋण विद्युतभार असल्याने ते परस्परांना दूर लोटतात. तुरटीतील ॲल्युमिनियम हा भार मारते आणि कणांचे बारीक पुंजके बनतात. परंतु पुराच्या दिवसांत हे हलके पुंजके टाकीत बसण्यापूर्वीच गाळण्यांवर वाहून जातात.

येथे ऋणभारित बहुवारिक, बहुधा पॉलिॲक्रिलामाइडची भुकटी, कामी येते. ऋणभारित कण ऋणभारित द्रव्यानेच जोडावेत, हे शाळेतील विज्ञानाशी विसंगत वाटेल. पण भार तुरटीने आधीच मारलेला असतो. बहुवारिकाची लांबलचक साखळी केवळ पुंजक्यापुंजक्यांत पूल बांधते. म्हणूनच तुरटी आधी व जोराने घुसळून, बहुवारिक नंतर व हलक्या हाताने. जोराच्या घुसळणीत या साखळ्या तुटतात. आपल्याकडील निवळीच्या बियांच्या अर्कातही असेच ऋणभारित नैसर्गिक बहुवारिक असते. तेव्हा ही युक्ती सर्वस्वी परकी नव्हे.

तुरटी लिटरमागे २० ते ५० मिलिग्रॅम लागत असेल, तेथे बहुवारिक मिलिग्रॅमच्या दशांशांनी मोजावे लागते. मात्रा वाढली तर कण पुन्हा सुटे राहतात आणि वाळूच्या गाळण्या चिकटून तुंबतात. शिवाय भुकटीत मूळचे ॲक्रिलामाइड अल्पांशाने उरतेच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये ते ‘बहुधा कर्करोगकारक’ द्रव्यांत घातले. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील त्याची मर्यादा लिटरला ०.५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. भुकटीत त्याचा अंश ०.०५ टक्के असला, तर लिटरमागे १ मिलिग्रॅम बहुवारिक घालताच ही मर्यादा गाठली जाते.

योग्य मात्रा ठरते ती जार टेस्टने. त्याच पाण्याचे सहा नमुने घेऊन वेगवेगळ्या मात्रा घालावयाच्या व कोणता आधी निवळतो ते पाहावयाचे, इतकाच हा प्रयोग. नदीचा गढूळपणा तासागणिक बदलत असता कालची मात्रा आज चालविणे याला शुद्धीकरण कसे म्हणावे? भुकटीच्या निविदेत उरलेल्या ॲक्रिलामाइडचा दाखला सक्तीचा हवा, पावसाळ्यात प्रत्येक पाळीत जार टेस्ट हवी आणि तिची नोंदवही कोणाही नागरिकास पाहता यावी. यांपैकी शेवटच्या गोष्टीला तर खर्चही येत नाही.