टाकीत पेट्रोल असूनही इंजिन उपाशी का राहतं?



सांगलीहून महाबळेश्वरला जाताना वाईच्या पुढे पसरणी घाट लागतो. ‘टाकीत थोडं पेट्रोल होतं, तरी वळणावर गाडीने गचके का खाल्ले?’ असं एखादं मूल विचारतं. नववीचा ‘गतीचे नियम’ शिकवायला हा प्रश्न फार उपयोगी आहे.

नेमकं काय होतं?
एसटी वळली की आपण बाहेरच्या बाजूला कलंडतो. पेट्रोलचंही तसंच. जडत्वामुळे ते सरळ जाऊ पाहतं आणि टाकीच्या बाहेरच्या भिंतीवर चढतं. पंपाचं तोंड उघडं पडलं की पंप हवा ओढतो, इंजिन अडखळतं.

थोडी आकडेमोड
ताशी ३६ किमी म्हणजे सेकंदाला १० मीटर. वळणाची त्रिज्या २५ मीटर धरा. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या: १०० ÷ २५ = ४ मी/से². गुरुत्व त्वरण साधारण १०. सपाट रस्त्यावर पेट्रोलचा पृष्ठभाग सुमारे २२ अंश कलतो. शर्यतीची गाडी ४० मीटर त्रिज्येचं वळण सेकंदाला २० मीटरने घेते तेव्हा हाच कल ४५ अंश! शिवाय जोरात पळणाऱ्या इंजिनाला पेट्रोल कमी पडलं, तर उष्णता वाढून पिस्टन खराब होऊ शकतो.

उपाय काय?
१. टाकीत भोकांचे आडपडदे. पेट्रोल एकदम धावत नाही.
२. पंपाभोवती छोटं भांडं. त्यात पेट्रोल साठून राहतं. अनेक साध्या गाड्यांतही ते असतं.
३. एकाच बाजूने उघडणाऱ्या झडपा. पेट्रोल आत येतं, परत जात नाही.
४. शर्यतीच्या गाडीत वेगळी छोटी टाकी. एक पंप ती सतत भरलेली ठेवतो, दुसरा तिच्यातून इंजिनाला पेट्रोल देतो.

वर्गात करून बघा
पसरट डब्यात बोटभर रंगीत पाणी घ्या. डबा झटकन बाजूला सरकवा. एक कडा कोरडी पडते. आता मधोमध वाटी ठेवून तीही भरा आणि पुन्हा सरकवा. वाटीतलं पाणी बरंचसं जागेवर राहतं. प्रयोग पाण्यानेच करायचा, पेट्रोलने मुळीच नाही!

आणि पालकहो, घाट चढण्याआधी टाकी निदान पाव तरी भरलेली असू द्या. टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो, बरं का! कोरडा फिरला तर तो जळूही शकतो.