इंकजेटची निगेटिव्ह आणि मालेगावचे ऊन

मालेगाव म्हटले की बाहेरच्या माणसाला नाशिक जिल्ह्यातले यंत्रमागांचे मालेगाव आठवते. आमचे मालेगाव वाशीम जिल्ह्यातले, तालुक्याचे गाव. अशा कोणत्याही तालुक्याच्या गावात तुळशीचे लग्न लागले की लग्नपत्रिकांची घाई सुरू होते. स्क्रीन प्रिंटिंग करणारा कारागीर संगणकावर जुळवलेला मजकूर पारदर्शक फिल्मवर काळ्या शाईत छापून घेतो. जाळीच्या चौकटीला बायक्रोमेट मिसळलेले इमल्शन लावून वाळवतो, वर ती फिल्म आणि काच ठेवतो आणि चौकट उन्हात धरतो. ऊन लागलेले इमल्शन घट्ट होते. अक्षरांखाली सावलीत राहिलेले पाण्याने धुऊन निघते आणि त्या वाटेने शाई पत्रिकेवर उतरते.

हे काम मी लहानपणापासून पाहत आलो. छायाचित्र छापण्याची एक पद्धत जवळजवळ हीच आहे, हे मात्र फार उशिरा कळले. डिंकात रंग आणि बायक्रोमेट कालवून कागदावर लावायचे, वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचे आणि मग धुवायचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातले हौशी छायाचित्रकार याच ‘गम प्रिंट’च्या नादी लागले होते. फरक एवढाच की पत्रिकेला काळे आणि कोरे एवढे दोनच पुरतात. चेहऱ्याला मधल्या सगळ्या छटा लागतात. या लेखाचा विषय त्या मधल्या छटा आहेत.

उन्हात छापण्याची जुनी रीत

‘पर्यायी छायाचित्रण’ हे नाव नवे असले तरी त्यातल्या बहुतेक पद्धती मुळात जुन्या आहेत. जॉन हर्शेलने १८४२ साली सायनोटाइप शोधले. लोहाच्या दोन क्षारांचे द्रावण कागदावर लावून उन्हात धरले की प्रशियन ब्लू हा निळा रंग तयार होतो. पुढे इंजिनिअरांनी नकाशांच्या प्रती काढायला हीच रीत उचलली आणि ‘ब्लू प्रिंट’ हा शब्द आपल्या बोलण्यात आला. घराच्या नकाशाची ‘अमोनिया प्रिंट’ अनेकांना आठवत असेल. तिचे रसायन वेगळे, पण मूळ फिल्म कागदाला चिकटवून प्रकाश देण्याचे तत्त्व तेच. चांदीच्या क्षाराचे सॉल्ट प्रिंट, अंड्याच्या पांढऱ्याचे अल्ब्युमेन प्रिंट, प्लॅटिनमचे प्रिंट ही सगळी याच कुळातली.

या कागदांची प्रकाशाची जाण फार मंद असते. दिव्याच्या उजेडात ते ढिम्म राहतात. त्यांना उन्हातले अतिनील किरण लागतात. त्यामुळे एन्लार्जरने लहान निगेटिव्हचे मोठे चित्र करता येत नाही. जेवढे चित्र हवे तेवढीच निगेटिव्ह लागते आणि ती कागदाला घट्ट चिकटून असावी लागते. म्हणूनच त्या काळचे छायाचित्रकार मोठमोठ्या काचा आणि तेवढाच मोठा कॅमेरा बैलगाडीत घालून हिंडत.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी या वर्तुळात होते. आमच्या भागाशी अधिक जवळचे नाव मात्र रॉबर्ट गिलचे. मद्रासच्या फौजेतला हा अधिकारी १८४४च्या सुमारास अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमला गेला आणि त्याचे उरलेले आयुष्य याच मुलखात गेले. अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे खोदवणारा वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेणाचा सचिव होता. हरिषेण वत्सगुल्म शाखेचा, आणि वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम.

गिलने वर्षानुवर्षे खपून तैलरंगात केलेल्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या. १८६६च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन नव्या नकला केल्या. लंडनमध्येच १८८५ साली लागलेल्या दुसऱ्या आगीत त्यांतल्याही अनेक गेल्या. गिलने काढलेली छायाचित्रे मात्र १८६४च्या ‘द रॉक-कट टेंपल्स ऑफ इंडिया’ या पुस्तकात चिकटवली गेली होती. पुस्तकाच्या प्रती वेगवेगळ्या ग्रंथालयांत पांगल्या होत्या, म्हणून ती टिकली. ज्याची एकच प्रत असते ते एका आगीत संपते. निगेटिव्हचे महत्त्व यात आहे.

काच गेली, फाइल आली

आमच्या भागातल्या एका जुन्या स्टुडिओच्या निगेटिव्ह भंगारात वजनावर गेल्याचे मी स्वतः पाहिले. मालकाचाही दोष म्हणवत नाही. ज्यांचे चेहरे त्यांत होते त्यांच्यापैकी कोणी पंचवीस-तीस वर्षांत विचारायला आले नव्हते. त्यानंतर काही महिन्यांनी माझ्या मावशीला तिच्या वडिलांचा फोटो हवा झाला. घरातली एकमेव प्रत भिंतीवर फ्रेममध्ये होती. पावसाळ्यात ओल शिरून तिचा अर्धा भाग काचेला चिकटला होता. हाती राहिले ते कोणीतरी कधीतरी मोबाइलवर काढलेले त्या फ्रेमचे छायाचित्र. ती फाइल घेऊन मी इंकजेटकडे वळलो.

मोठी निगेटिव्ह संगणकावरून तयार करण्याची वाट अमेरिकेत डॅन बर्कहोल्डर यांच्या १९९५च्या पुस्तकामुळे अनेकांना माहीत झाली. त्या वेळी त्यासाठी छापखान्यातले महागडे इमेजसेटर यंत्र लागे. पुढे घरगुती इंकजेट सुधारले आणि तेच काम टेबलावर होऊ लागले. चित्र कृष्णधवल करायचे, उलटे करायचे, म्हणजे काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे, आणि पारदर्शक फिल्मवर छापायचे. छापताना चित्र आरशातल्यासारखे फिरवून घ्यावे लागते. शाईची बाजू कागदाला टेकली तरच रेषा धारदार येतात. फिल्मची जाडी मध्ये आली की प्रकाश पसरतो आणि चित्र मऊ पडते.

फिल्म निवडताना पहिली चूक होते. झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या शीटवर इंकजेटची शाई थेंबाथेंबाने साचते आणि पुसली जाते. शाई पिणारा लेप असलेली इंकजेट फिल्म घ्यावी. ओलसर बोट टेकवले की लेपाची बाजू किंचित चिकटते, छपाई त्या बाजूवर करायची. छापलेली फिल्म निदान काही तास वाळू द्यावी. घाई केली तर शाई कागदावरच्या रसायनाला चिकटते आणि दोन्ही वाया जातात.

डोळ्याला दिसते ते कागदाला दिसत नाही

दुसरी चूक अधिक फसवी आहे. निगेटिव्ह उजेडात धरून आपण तिचा काळेपणा जोखतो, पण कागद पाहतो अतिनील किरणांनी. डोळ्याला गडद दिसणारी शाई ते किरण सोडत असेल, तर आकाश पांढरे येण्याऐवजी निळसर येते. उलट पिवळी शाई डोळ्याला फिकट वाटते, पण बहुतेक वेळा ती हे किरण चांगले अडवते. त्यामुळे कित्येक जण निगेटिव्ह काळी न छापता हिरवट किंवा नारिंगी छापतात. आपल्या प्रिंटरची कोणती शाई किती अडवते हे कुणाच्या सांगण्यावरून ठरवू नये. निरनिराळ्या रंगांचे चौकोन एकाच फिल्मवर छापावेत, एकदा उन्हात धरावेत आणि कोणता चौकोन कागद सर्वांत कोरा ठेवतो ते पाहावे.

प्रत्येक पद्धतीची भूकही वेगळी. नेहमीच्या डार्करूमच्या कागदाला निगेटिव्हच्या सर्वांत विरळ आणि सर्वांत दाट भागांत साधारण दहापट फरक पुरतो. सायनोटाइपला ढोबळमानाने वीस ते तीस पट, प्लॅटिनमला साठच्या आसपास आणि सॉल्ट प्रिंटला शंभर पटीहून अधिक लागतो. म्हणून एका पद्धतीसाठी केलेली निगेटिव्ह दुसरीला चालत नाही.

माप घेण्याची रीत सोपी आहे, फक्त धीर लागतो. आधी वेळ ठरवायची. लेप लावलेल्या कागदाच्या अर्ध्या भागावर कोरी फिल्म ठेवायची आणि दोन-दोन मिनिटांच्या पट्ट्या करून ऊन द्यायचे. धुऊन वाळल्यावर ज्या पट्टीत फिल्मखालचा निळा आणि उघडा निळा सारखाच दिसू लागतो, ती आपली वेळ. यापुढे चित्र फिके आले तरी वेळेला हात लावायचा नाही. मग पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत चढत्या छटांचे चौकोन त्याच वेळेत छापायचे. पहिल्यांदा निराशाच होते. अर्धे चौकोन एकसारखे कोरे दिसतात आणि उरलेल्या अर्ध्यांत सगळ्या छटा कोंबलेल्या असतात. ही ओढाताण मोजून संगणकात उलट दिशेने दुरुस्ती करायची. तिलाच ‘कर्व्ह’ म्हणतात. एकदा तो बसला की त्या प्रिंटर, फिल्म आणि कागदाच्या जोडीला पुढच्या प्रत्येक चित्रासाठी उपयोगी पडतो. यांतले एक बदलले की मात्र पुन्हा पहिल्यापासून.

पाणी आणि कागद

सायनोटाइपचे प्रचलित प्रमाण असे: १०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या १०० मिलिलिटरमध्ये १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. छापण्याआधी दोन्ही समभाग मिसळून मंद उजेडात ब्रशने कागदावर लावायचे आणि अंधारात वाळवायचे. भांडी स्वयंपाकाची वापरू नयेत आणि फेरिसायनाइडजवळ तीव्र आम्ल आणू नये. बायक्रोमेट तर याहून घातक. हातमोज्यांशिवाय त्याला शिवू नये आणि त्याचे पाणी मोरीत सोडू नये.

माझी सुरुवातीची चित्रे धुताना फिकी पडत. दोष निगेटिव्हचा समजून मी कित्येक फिल्म वाया घालवल्या. दोष बोअरच्या पाण्याचा होता. आमच्याकडच्या काळ्या पाषाणातले पाणी जड, थोडे क्षारयुक्त, आणि प्रशियन ब्लूला क्षार मानवत नाही. पहिल्या पाण्यात चिमूटभर सायट्रिक आम्ल, म्हणजे किराणा दुकानातले लिंबूसत्त्व, टाकले आणि निळा टिकू लागला. पावसाचे साठवलेले पाणी त्याहून चांगले. कागदाचेही तेच. टिकाऊपणासाठी ज्या कागदात चुन्याचा अंश घालतात तो इथे नडतो. सुती चिंध्यांचा, चुना न घातलेला हातकागद उत्तम. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याची परंपरा आणि पुण्याची हातकागद संस्था यांमुळे महाराष्ट्रात असा कागद अपरिचित नाही.

काय टिकते

आजोबांचे चित्र सातव्या प्रयत्नात आले. मोबाइलच्या फोटोत काचेवरचा खिडकीचा उजेड उमटला होता. तो डाव्या खांद्यावर अजून दिसतो. तो पुसता आला असता. पण मग खांदा मला कल्पनेने काढावा लागला असता, आणि मी आजोबांना पाहिलेले नाही. मावशीने चित्र हातात घेतले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “फेटा निळा नव्हता रे, पण चेहरा त्यायचाच आहे.”

या चित्राला मूळ म्हणावे का, असा प्रश्न पडतो. मूळ गेले आहे, हे आधी कबूल करावे. ही नकलेची नकल आहे. पण ती अशी नकल आहे की पाहायला यंत्र लागत नाही. फाइल उघडायला उद्या कोणता फोन लागेल हे कोणी सांगू शकत नाही. निळे चित्र सततच्या उन्हात फिके होते, तरी काही काळ अंधारात ठेवले की बरेचसे परत येते. प्लॅटिनमचे चित्र तर कागद टिकेल तोवर टिकते. फिल्मवरची शाई कायमची नाही, म्हणून फाइलही जपायची आणि प्रतीही दोन-तीन काढून वेगवेगळ्या घरांत द्यायच्या.

वाशीमला १९३९ साली विंध्यशक्ती द्वितीयाचा ताम्रपट सापडला, तेव्हा वाकाटकांची एक अख्खी शाखा इतिहासाला नव्याने कळली. दीड हजार वर्षे ती तांब्याच्या पत्र्यांवर वाट पाहत होती. आमच्या आजोबांना राज्य नव्हते, चार एकर कोरडवाहू होते. त्यांच्या चित्राच्या तीन प्रती आता तीन गावांत आहेत: मालेगाव, अकोला आणि पुणे. चौथी मी या दिवाळीच्या उन्हात छापणार आहे. पाऊस उघडल्यावरचे हे ऊन स्वच्छ असते, दहा-बारा मिनिटे पुरतात.