कट-ऑफ शनिवारी, उपासना रविवारी

नवी मुंबईतल्या एका लहानशा मराठी ख्रिस्ती मंडळीची रविवारची उपासना किती वाजता सुरू व्हायची, हे मध्य रेल्वे ठरवते. हार्बरला मेगाब्लॉक लागला की साधारण अकरापासून दुपारी चारपर्यंत गाड्यांचे हाल. पनवेल-मानसरोवरकडून येणाऱ्यांना वेळेत घरी पोचवायचं तर साडेदहाला आशीर्वचन होऊन सगळे मोकळे व्हायला हवेत. म्हणून या मंडळीचे पाळक, म्हणजे आमच्या शेजारच्या इमारतीतले पास्टर, शनिवारी संध्याकाळी आधी ब्लॉकची बातमी बघतात आणि मग बायबल उघडतात. ब्लॉक कुर्ला-वाशीत असला तर गोवंडी-चेंबूरवाल्यांनी कसं यायचं, पनवेल-वाशीत असला तर खांदेश्वरच्या आजींना कोणाच्या गाडीत बसवायचं, हा निरोप ग्रुपवर गेल्याशिवाय त्यांचं प्रवचन पुढे सरकत नाही.

त्यांचं नाव लिहायचं नाही, अशी अट त्यांनीच घातली. पंचेचाळिशीचे गृहस्थ, मूळचे नगर जिल्ह्यातले. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणं मांडलं, तेव्हापासून त्या भागातल्या कितीतरी घरांत तीन-चार पिढ्या ख्रिस्ती आहेत. त्यातलंच हे एक घर. शिक्षण, नोकरी या निमित्ताने ही माणसं मुंबईत आली. मुंबईची घरं परवडेनात तेव्हा सिडकोच्या नोड्समध्ये पांगली. नेरूळ, कोपरखैरणे, कामोठे, कळंबोली. पाळकही त्यांच्यामागून आले. या पास्टरांचा मात्र वेगळेपणा असा की हे नोकरदार पाळक आहेत.

ज्यांचा या जगाशी संबंध नाही त्यांच्यासाठी एवढं सांगायला हवं. कॅथलिक चर्चमधल्या फादरना संसार नसतो. प्रॉटेस्टंट पाळकाला बायकामुलं असतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडियासारख्या, १९७० मध्ये नागपुरात अनेक चर्च एकत्र येऊन झालेल्या संस्थेत पाळकाला पगार असतो, बहुधा राहायला पाळकनिवास असतो आणि सरकारी नोकरासारखी बदलीही असते. तिसरा प्रकार स्वतंत्र मंडळ्यांचा. साठ-सत्तर कुटुंबं, दानपेटीत येईल ते उत्पन्न, स्वतःची इमारत नाही. धार्मिक वापराचे भूखंड सिडको देते, पण ती रक्कम या मंडळीच्या आवाक्यातली नाही. शाळेचा हॉल रविवारी सकाळपुरता भाड्याने घ्यायचा. भाडं गेल्यावर पाळकाला द्यायला फारसं उरत नाही. म्हणून पाळक नोकरी करतो.

पास्टर सीबीडी बेलापूरला एका क्लिअरिंग-फॉरवर्डिंगच्या ऑफिसात डॉक्युमेंटेशन बघतात. निर्यातदाराचं इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, कंटेनरचं वजन, शेतमाल असेल तर फायटोचा, म्हणजे कीड-रोग नसल्याचा, दाखला. सगळं एकमेकांशी जुळवायचं, शिपिंग बिल कस्टम्सच्या आईसगेट पोर्टलवर चढवायचं आणि न्हावा शेवा बंदराच्या गेटची कट-ऑफ गाठायची. कट-ऑफ हुकली तर जहाज थांबत नाही. कंटेनर पुढच्या जहाजाची वाट बघत पडून राहतो. आत द्राक्षं असली तर त्याला वीज जोडून ठेवावी लागते आणि बिल चढत जातं.

आणि द्राक्षं म्हणजेच यांच्या वर्षाची खरी कसोटी. नाशिकची द्राक्षं युरोपला जातात ती साधारण जानेवारी ते एप्रिल. लेंटचे, म्हणजे उपवासकाळाचे, चाळीस दिवस, उत्तम शुक्रवार, पुनरुत्थानदिन हे सगळं नेमकं त्याच काळात येतं. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मनन चालतं, आणि बंदराला त्या दिवशी सुट्टी नसते. योहानाच्या पंधराव्या अध्यायातल्या द्राक्षवेलावर ते छान बोलतात, हे मी ऐकलंय. त्या द्राक्षांचं तापमान शून्याच्या आसपास ठेवावं लागतं, हे त्यांच्याइतकं पक्कं ठाऊक असलेला दुसरा प्रवचनकार महाराष्ट्रात असेल असं वाटत नाही.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी रात्री मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले होते. दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन, पाव आणि द्राक्षरसाचा विधी. त्यांच्या पत्नी एका खासगी रुग्णालयात नर्स आहेत. त्यांना नाइट ड्यूटी होती, तेव्हा द्राक्षरस करायचं काम पास्टरांकडे आलं होतं. काळी द्राक्षं मिठाच्या पाण्यातून काढून, देठ खुडून, पातेल्यात थोड्या पाण्यावर ठेवली होती. साली फुटून रंग सुटेपर्यंत आच मंद हवी. मग पळीच्या पाठीने दाबायचं, मलमलच्या फडक्यातून गाळायचं आणि साखर घालून परत एक उकळी. हंगाम नसतो तेव्हा काळ्या मनुका भिजवून हेच करायचं. रस गार होईतो पावाच्या कडा कापून बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे आणि डब्यात ओल्या रुमालाखाली ठेवायचे. छोटे पेले आधीच धुऊन उपडे घातले होते.

हे चालू असताना फोन खांद्याला दाबलेलाच. नाशिकहून निघालेला रीफर, म्हणजे द्राक्षांचा थंड कंटेनर, गव्हाण फाट्याच्या कोंडीत अडकला होता आणि ड्रायव्हरला कागदावरचा एक आकडा चुकल्यासारखा वाटत होता. पास्टर पळी फिरवत त्याला आकडा वाचून दाखवत होते. मधेच दुसरा फोन आला. मंडळीतल्या एका बाईंच्या सासऱ्यांना धाप लागली होती, रुग्णालयात न्यावं का, असं विचारत होत्या. "न्याच. पोचलात की कळवा, मी येतो." मग पुन्हा ड्रायव्हर. प्रवचनाची वही टेबलाच्या कडेला उघडी होती आणि तिच्यावर रसाचा एक थेंब पडला, तो त्यांनी अंगठ्याने पुसला. साडेअकराला पातेलं फ्रीजमध्ये गेलं आणि ते वाशीच्या महापालिका रुग्णालयाकडे निघाले. प्रवचन कधी पूर्ण झालं, ते मी विचारलं नाही.

खरं तर प्रवचनाची तयारी सोमवारपासूनच सुरू झालेली असते. सोमवारी शास्त्रपाठ ठरतो, मंगळवारी त्यावरचं एखादं भाष्य वाचून होतं, बुधवारी काहीच होत नाही. गुरुवारी-शुक्रवारी पहाटे ते ज्वेल ऑफ नवी मुंबईला तलावाकडेने चालतात आणि प्रवचन तोंडातल्या तोंडात बोलून बघतात. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटतं कानात यंत्र घालून कोणाशी बोलतोय. जे वाक्य चालताना अडखळतं ते त्याच दिवशी जातं. पंचवीस मिनिटांच्या वर बोलायचं नाही हा त्यांचा नियम. मेगाब्लॉकच्या रविवारी वीस.

रविवारी सात वाजता हॉलची चावी शाळेच्या शिपायाकडून घ्यायची. शाळेचे बाक भिंतीला सारायचे, खुर्च्या मांडायच्या, फळ्यावरचं गणित पुसायचं नाही, कारण ते सोमवारी बाईंना हवं असतं. त्यावर पडदा सोडायचा. हार्मोनियम, ढोलक, कीबोर्ड. माइक अगदी हळू, समोरच्या इमारतीतून तक्रार यायला नको. मग 'उपासना संगीत'मधून गीतं, प्रार्थना, पाठ, प्रवचन, दान. दानासाठी आता थैलीबरोबर क्यूआर कोडची पाटीही फिरते. आज्या दशमांशाचं पाकीटच टाकतात, पोरं मोबाइल पुढे करतात. उपासना संपली की आवराआवर उलट क्रमाने. खुर्च्यांना नेहमी तेच चार-पाच हात असतात, त्यातले दोन पाळकाचे.

लोकांना पाळक दिसतो तो या दोन तासांत. उरलेलं काम दिसत नाही, आणि तेच जास्त. घरभेटी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर. गावठाणात सरळ दार वाजवता येतं. टॉवरमध्ये वॉचमनची वही असते नाहीतर अॅप असतं, आणि 'भेटीचं कारण' या रकान्यात ते 'नातेवाईक' लिहितात. खोटं तरी कसं म्हणावं? घरगुती प्रार्थना असली की दार लावून, टाळ्या न वाजवता, खालच्या आवाजात गाणी. शेजारी 'हे धर्मांतराचं काहीतरी चाललंय' म्हणून सेक्रेटरीकडे जातील ही धास्ती अलीकडे वाढलीय. आपल्याच घरात, आपल्याच आजीच्या वाढदिवसाला माणसांनी कुजबुजत गावं, हे मला शेजारीण म्हणून लाजिरवाणं वाटतं. पास्टर त्यावर काही बोलत नाहीत. नव्या घराच्या प्रार्थनेला ते शेजारच्यांनाही बोलवायला सांगतात, आणि बटाटेवडे असले की लोक येतात, एवढंच म्हणतात.

खारघरला टाटाचं अॅक्ट्रेक आहे. नगर, जालना, सोलापूरकडून कर्करोगाचे रुग्ण येतात आणि गावच्या पाळकाने दिलेला एकच नंबर त्यांच्याजवळ असतो. "पाळकसाहेब, आमचा माणूस टाटाला आणलाय." राहायची सोय, स्टेशनवरून कसं जायचं, रक्त कोण देईल, हे सगळं यांच्या फोनवर येतं. मृत्यू झाला तर डॉक्टरांचा दाखला, पालिकेची नोंद, दफनभूमीतली जागा, पेटी, गाडी. बॉसकडे अर्धा दिवस मागताना 'फ्युनरल' एवढंच सांगतात. बॉस भला माणूस आहे, पण गेल्या वर्षी त्याने एकदा विचारलंच, तुमचे नातेवाईक आहेत तरी किती?

लग्नांचं काम त्यामानाने सोपं असेल असं मला वाटायचं. पण तिथे १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा उभा असतो. स्वतंत्र मंडळीच्या पाळकाने सरकारचा परवाना नसताना लावलेलं लग्न चालत नाही, परवानाधारक पाळकालाच बोलवावं लागतं. शिवाय कायद्याने अशी लग्नं सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळातच लागायला हवीत, दोन साक्षीदारांसमोर, रजिस्टरात सह्या करून. नवी मुंबईत हॉल संध्याकाळचे मिळतात आणि नवरीचा मेकअप वेळेत होत नाही. दोन्ही पक्षांच्या मामांना घड्याळ दाखवत फिरणारे पास्टर मी पाहिलेत. परवान्यासाठी त्यांनी अर्ज केलाय. तोवर शेजारच्या मंडळीचे पाळक येऊन लग्न लावतात आणि हे प्रार्थना करतात.

आता घर. फ्रीजवर दोन कागद लावलेले आहेत: पत्नीचा ड्यूटी चार्ट आणि मंडळीचं महिन्याचं वेळापत्रक. दोन्ही जुळतात तो दिवस मुलगी हिरव्या पेनाने गोल करते. हिरवे गोल कमीच. मंडळीत त्यांच्या पत्नीला 'पाळकीणबाई' म्हणतात. महिला मंडळ त्यांनीच चालवावं, शब्बाथ शाळेची मुलं त्यांनीच बसवावीत, नाताळच्या नाटकाचे पंख त्यांनीच शिवावेत, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं. नाइट ड्यूटी करून आलेल्या बाईकडे हे मागताना कोणाला काही वाटत नाही. मी विचारलं तर त्या हसून म्हणाल्या, "अहो, नेमणूक त्यांची झाली, मला ऑर्डर कोणी दिलीच नाही." मुलगी यंदा दहावीत आहे. तिचं म्हणणं एका वाक्यात संपतं: "पप्पा सगळ्यांच्या मुलांच्या पेपरसाठी प्रार्थना करतात, माझ्या पेपरच्या दिवशी फोन बिझी."

ही काही आजची गोष्ट नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ मध्ये आला. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांनी हातातलं कोणालाही देऊन टाकायचं, घरात कोणालाही आणून ठेवायचं आणि संसाराचं गणित लक्ष्मीबाईंनी बसवायचं. आपण ते पुस्तक हसत वाचतो. हसवण्याची ताकद त्या बाईची, सोसणंही त्याच बाईचं. आमच्या पाळकीणबाईंनी अजून काही लिहिलेलं नाही.

नोकरदार पाळकाचं समर्थन करताना मंडळीतले वडीलधारे हमखास पौलाचं उदाहरण देतात. करिंथला तो तंबू शिवून पोट भरायचा, कोणावर भार टाकला नाही. खरं आहे. पण पौल एकटा होता. त्याच्या घरी दहावीतली मुलगी नव्हती, आणि ज्यांच्या घरी राहून तो शिवत होता ते अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला नवराबायको मिळून तो धंदा करत होते. 'आमचे पाळक मानधन घेत नाहीत' असं मंडळी अभिमानाने सांगते, तेव्हा मला ते खटकतं. घेत नाहीत, कारण दिलं जात नाही. दर महिन्याला मंडळीचा उरलेला खर्च एका नर्सच्या पगारातून आणि एका मुलीच्या हिरव्या गोलांतून भागतो. याला कोणी समर्पण म्हणतं. मी त्याला फुकट राबवणं म्हणेन, आणि हे मी पास्टरांच्या तोंडावरही म्हटलंय. ते म्हणाले, बोलावणं असतं तेव्हा हिशेब करता येत नाही. त्यांनी करू नये, ते त्यांचं. पण हिशेब ठेवायला मंडळीत खजिनदार असतो ना?

तेव्हा अशा एखाद्या मंडळीचे तुम्ही सभासद असाल तर येत्या वार्षिक सभेत एवढं मांडा: हॉलभाड्याच्या आधी पाळकाचं मानधन बाजूला काढायचं, थोडं का होईना. महिन्यातून एका रविवारी प्रवचन मंडळीतल्याच दुसऱ्या कोणी करायचं आणि पाळकाने कुटुंबासोबत मागच्या रांगेत बसायचं. रात्री दहानंतरचा फोन आधी सचिवाने घ्यायचा. आणि सभा जानेवारीत घ्या, कारण फेब्रुवारीत द्राक्षांचा हंगाम भरात असतो आणि दहावीचे पेपर तोंडावर येतात.