रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाने मधुमेह आणि बीपीच्या गोळ्या कधी घ्याव्यात?

सोसायटीचे गेट, बँक, गोदाम किंवा बांधकामाची साइट सांभाळणाऱ्या सुरक्षारक्षकाची ड्युटी बरेचदा १२ तासांची असते. रात्री ८ ला हजर व्हायचे, रजिस्टर भरायचे, ठरलेल्या वेळी राउंड मारायचा आणि सकाळी ८ ला चार्ज देऊन घरी जायचे. सकाळचा रिलीव्हर आलाच नाही, तर ड्युटी तशीच पुढे चालू राहते.

अशा व्यक्तीला मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असेल, तर औषधाच्या चिठ्ठीवर ‘सकाळी १, रात्री १’ असे लिहिलेले असते. आम्ही डॉक्टर ‘सकाळी’ लिहितो तेव्हा ‘झोपून उठल्यावर, नाश्त्याच्या वेळी’ असे गृहीत धरतो. रात्रपाळीच्या माणसासाठी मात्र सकाळ ही झोपायची वेळ असते.

धोका कुठे आहे?

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतात. त्यामुळे गोळीसोबत जेवण पोटात जाणे आवश्यक असते. सकाळी घरी येऊन गोळी घेतली आणि नुसत्या चहावर झोपलात, तर झोपेतच साखर खूप उतरू शकते. घरच्यांना वाटते, दमून गाढ झोप लागली आहे. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हाच धोका असतो. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा इतकी उतरत नाही, पण तीही जेवणासोबतच घ्यावी.

म्हणून डॉक्टरांना आधी सांगा, “माझी रात्रपाळी आहे.” तुम्ही कधी झोपता, मुख्य जेवण कधी करता आणि पाळी किती दिवसांनी बदलते, हेही सांगा. त्यानुसार वेळा ठरवून घ्या. गोळी किंवा इन्सुलिनचा डोस स्वतःहून बदलू नका.

बीपीची गोळी

ही रोज साधारण एकाच वेळी घेणे महत्त्वाचे. ब्रिटनमध्ये सुमारे २१ हजार रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गोळी सकाळी घेतली काय किंवा संध्याकाळी घेतली काय, हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांच्या प्रमाणात फरक दिसला नाही. तेव्हा जी वेळ पाळी बदलली तरी चुकणार नाही, ती डॉक्टरांशी बोलून निवडा. काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. ड्युटीच्या जागी शौचालय नसेल, तर तेही सांगा. त्यासाठी पाणी पिणे कमी करू नका.

तपासणीला जाताना

ड्युटीवरून थेट लॅबमध्ये गेलात आणि पहाटे ४ ला चहा-बिस्किट झाले असेल, तर ती साखर ‘उपाशीपोटी’ धरता येत नाही. त्यासाठी किमान ८ तास पाण्याशिवाय काही घेतलेले नसावे. एचबीए१सी या तपासणीला उपाशी राहावे लागत नाही. त्यातून गेल्या साधारण ३ महिन्यांचा अंदाज येतो. बीपी शक्यतो झोप झाल्यावर मोजा. रात्रभर जागून लगेच मोजलेला आकडा जास्त येऊ शकतो.

सोबत काय ठेवावे?

• एका दिवसाच्या जादा गोळ्या. डबल ड्युटी सांगून येत नाही.
• घरचा डबा आणि थोडे फुटाणे. रात्रभरातल्या साखरेच्या चहाचे कपही मोजा.
• साखर किंवा ग्लुकोजची पुडी.
• आजार आणि औषधांची नावे लिहिलेली चिठ्ठी, ओळखपत्रासोबत.

घरच्यांसाठी

घाम, थरथर, धडधड, अचानक भूक, असंबद्ध बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. ग्लुकोमीटरवर ७० पेक्षा कमी आकडा आला, किंवा मीटर नसेल आणि ही लक्षणे दिसली, तर ३ चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. आकडा कमीच असेल तर पुन्हा द्या. वर सांगितलेल्या गोळ्यांचा परिणाम बराच वेळ टिकतो. त्यामुळे बरे वाटले तरी जेवायला द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

हाक मारून जाग येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

रात्रपाळीहून आलेल्या माणसाची झोप मोडू नये, हे खरेच. पण मधुमेहाची गोळी असेल, तर झोपण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा: “जेवलात का?”