मोबाइलवरचं पुस्तक आणि आपली खाजगी बाब

मैत्रिणींनो, अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात शिकवलेल्या साने गुरुजींचं ‘श्यामची आई’ आता मोबाइलवरही वाचता येतं. ते कोणी पाहिलं तर पाहू दे! पण घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा वाचायचा असेल तर? आमच्या गटात बऱ्याच जणींचा फोन घरात सामाईक. किंडलसारखं ॲप कुठल्या पानावर थांबलो, कुठली ओळ रंगवली, हे खात्यात साठवतं. तेच खातं नवऱ्याच्या फोनवर असेल, तर पुस्तकाचं नाव तिथंही दिसतं. फोनवरून पुसलं तरी खात्यात राहतं. तिथूनही काढावं लागतं. म्हणून आम्ही सांगतो, खातं वेगळं करा, पासवर्ड स्वतःचाच ठेवा. ॲपने लोकेशन, फोननंबरांची यादी मागितली तर नाही म्हणा. गोष्ट वाचायला आपला पत्ता कशाला लागतो?