आदिवासी आरोग्य आणि परिसर

आदिवासी समाजाचे शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्य आणि तो ज्या भूमीवर राहतो ती भूमी यांतील परस्परसंबंध. आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, ही व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ मध्ये अंमलात आलेल्या घटनेत आढळते. भूमिनिष्ठ समाजांत तिचा आशय अधिक व्यापक असतो. शेत, जंगल, पाणवठा व दैवत सुस्थितीत असतील, तरच माणूस बरा आहे असे तेथे मानले जाते. महाराष्ट्रात या संबंधाचे एक ठळक उदाहरण अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात पाहावयास मिळते.

प्रदेश व लोक : जिल्ह्याच्या वायव्य टोकाचा हा तालुका पश्चिमेस सह्याद्रीच्या मुख्य रांगेला भिडतो. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मी.), तसेच हरिश्चंद्रगड व रतनगड येथे आहेत. प्रवरा व मुळा या नद्यांचा उगम याच डोंगरांत होतो. महादेव कोळी व ठाकर या येथील प्रमुख जमाती असून २०११ च्या जनगणनेनुसार तालुक्यातील जवळजवळ निम्मी लोकसंख्या अनुसूचित जमातींची होती. भात, नाचणी व वरई ही मुख्य पिके होत. पावसाळ्यात ओढ्यांना पूर आला, की दूरच्या वाड्यांचा संपर्क तुटतो.

आहार, वनस्पती व देवराई : पावसाच्या आरंभी शेवळे, भारंगी, कुर्डू इ. रानभाज्या आहारात येतात. घरातील धान्य संपत आलेले असते, तेव्हा त्यांचे मोल विशेष असते. हिरडा औषध म्हणून उपयोगी पडतो आणि त्याच्या विक्रीतून रोख पैसाही मिळतो. दैवताच्या नावाने राखलेल्या देवराईत कुऱ्हाड चालवावयाची नाही, या संकेतामुळे जुनी झाडे, औषधी वनस्पती व झऱ्यांचे पाणी टिकून राहते. वाघबारशीला वाघदेवाची पूजा करून माणसे व गुरे सुरक्षित राहावीत अशी प्रार्थना करतात. श्रद्धा, उपजीविका व औषध यांच्यात येथे स्पष्ट सीमारेषा नाही.

संबंध तुटल्याचे परिणाम : प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या पाण्यावर नदीच्या खालच्या खोऱ्यात उसाची बागायती शेती उभी राहिली. वरच्या डोंगराळ भागातील शेती मात्र मुख्यतः पावसावरच राहिली. कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसर १९८६ मध्ये अभयारण्य घोषित झाला. वन्य जीवांना त्यामुळे संरक्षण मिळाले, पण वनोपज गोळा करणे व गुरे चारणे यांवर कायद्याची बंधने आली. खरीप संपल्यावर अनेक कुटुंबे बागायती भागात मजुरीला जातात. अशा काळात मुलांचे लसीकरण, गरोदर स्त्रियांची तपासणी व क्षयरोगाचे औषधोपचार खंडित होण्याचा धोका असतो. पारंपरिक बियाण्यांची जागा संकरित वाणांनी घेतल्याने ताटातील विविधताही घटते. कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचे बियाणे गोळा करून घरीच बीजकोश उभारला. त्यांना पद्मश्री (२०२०) हा किताब मिळाला. घरातील आजारपणाचा संबंध त्यांनी बदललेल्या अन्नाशी जोडला होता. त्यांचे कार्य शेतीचे, तितकेच आरोग्याचेही आहे.

परंपरा व आधुनिक वैद्यक : आजारात प्रथम भगत व बाळंतपणात सुईण, ही जुनी रीत होय. रुग्णाला त्यांच्याकडून धीर मिळतो व कुटुंब त्याच्याभोवती एकत्र येते. तथापि सर्पदंश, अडलेली प्रसूती किंवा बालकाचा न्यूमोनिया यांत विलंब प्राणघातक ठरतो. सर्पविषावर प्रतिविषाला पर्याय नाही. म्हणून परंपरेचा आदर म्हणजे आधुनिक उपचारांचा अभाव नव्हे. भगत व सुईण यांचा अवमान न करता त्यांना धोक्याची लक्षणे ओळखून रुग्ण त्वरित पुढे पाठविण्यास सहभागी करून घेणे अधिक फलदायी ठरते.

संस्कृतीशी सुसंगत सेवा : याच जिल्ह्याच्या आग्नेय टोकास जामखेड येथे रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेथील वस्ती मुख्यतः आदिवासी नसली, तरी त्यातील तत्त्व सर्वत्र लागू पडते. गावातीलच, बहुधा निरक्षर व दलित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. या कार्याबद्दल दांपत्यास मागसायसाय पुरस्कार (१९७९) लाभला. गडचिरोली जिल्ह्यात अभय व राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली (१९८६). मोठ्या इमारतीची आदिवासींना वाटणारी भीती ओळखून तेथील रुग्णालय पाड्यासारख्या लहान घरांचे बांधले गेले आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले गेले. नातेवाइकांना रुग्णाजवळ राहता येते. गावातील स्त्रीने घरी जाऊन नवजात बालकाची काळजी घेण्याच्या तेथील पद्धतीमुळे अर्भकमृत्यू घटल्याचे संशोधन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०११ मध्ये ही पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमात स्वीकारली गेली. न्यूझीलंडमध्ये माओरी परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांनी मांडलेल्या ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ या संकल्पनेनुसार सेवा सुरक्षित होती की नाही, हे ती घेणाऱ्याने ठरवावयाचे असते.

आदिवासी लोकांना आपली पारंपरिक औषधे व आरोग्यप्रथा जपण्याचा, तसेच भेदभावाविना सर्व आरोग्यसेवा मिळविण्याचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या जाहीरनाम्यात एकत्रच नमूद आहे. भारतात वनहक्क अधिनियमाने (२००६) वनजमीन व गौण वनोपजावरील हक्कांना मान्यता दिली. अकोल्याच्या डोंगरवाड्यांत या दोन्ही गोष्टी परस्परपूरक ठरतात. वाडीपर्यंत पोहोचणारी परिचारिका आवश्यक आहे. तितकीच आवश्यक आहे हिरड्याच्या झाडापर्यंत निर्भयपणे जाणारी वाट.